एचआयव्ही आणि सरकारी नोकरी: मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निकालाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"मेडिकलमध्ये पॉझिटिव्ह आलोय, आता माझं नाव यादीतून काढतील का?" कायदेशीर मदतीच्या कामात हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. विचारणारे बहुतेक जण आधी "मित्रासाठी विचारतोय" म्हणतात आणि पाचव्या मिनिटाला "मित्र" गळून पडतो. या प्रश्नाचं उत्तर आपल्याच उच्च न्यायालयाने १९९७ सालीच देऊन ठेवलं आहे. ते फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून एकत्र लिहून काढलं.

हा खटला नेमका कशाचा होता?

मुंबईत राहणारा एक कामगार सार्वजनिक क्षेत्रातल्या एका महामंडळात नैमित्तिक कामगार म्हणून राबत होता. काम असेल तेव्हा बोलावणं, नसेल तेव्हा घरी. अशा कामगारांची एक यादी असते, आणि त्या यादीतून आपला क्रमांक वर सरकून एक दिवस कायम होऊ, या आशेवर माणसं वर्षानुवर्षं काढतात. कायम करण्याआधी वैद्यकीय तपासणी होते. याच्या तपासणीत एचआयव्हीची चाचणी झाली आणि ती पॉझिटिव्ह आली. एरवी तो काम करायला पूर्ण तंदुरुस्त होता. तरीही त्याला काम देणं बंद झालं आणि यादीतून त्याचं नाव कमी केलं गेलं.

तो उच्च न्यायालयात गेला. वकील होते लॉयर्स कलेक्टिव्ह या वकिलांच्या संस्थेचे आनंद ग्रोव्हर. ३ एप्रिल १९९७ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती टिपणीस यांनी लिहिलेलं हे निकालपत्र ऑल इंडिया रिपोर्टर या निकालांच्या संग्रहाच्या १९९७ च्या मुंबई खंडात ४०६ व्या पानापासून छापलेलं आहे. वकिलाला एवढा संदर्भ सांगितला की पुरे.

त्याला "एमएक्स" का म्हणतात? खरं नाव काय?

खरं नाव निकालपत्रात नाही, महामंडळाचंही नाही. कामगार "एमएक्स" आणि महामंडळ "झेडवाय". न्यायालयाने टोपणनावाने दावा चालवायला परवानगी दिली.

मला स्वतःला या निकालातली ही गोष्ट बाकी सगळ्याइतकीच मोलाची वाटते. त्या काळी पॉझिटिव्ह असल्याची कुजबुज झाली तरी घरमालक खोली खाली करायला लावायचा, नळावर बायका बादली बाजूला घ्यायच्या. न्यायालयाच्या दारावर लागणाऱ्या यादीत, मग पेपरात, स्वतःचं नाव छापून कोण दाद मागायला जाणार? नाव झाकायची सोय मिळाली नसती तर हा खटला बहुधा उभाच राहिला नसता. पुढे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही सोय कलम ३४ मध्ये लिहूनच टाकली: अर्ज केला की न्यायालय टोपणनाव वापरायला, बंद दालनात सुनावणी घ्यायला आणि नाव छापायला मनाई करायला आदेश देऊ शकतं. असा खटला प्राधान्याने चालवायचा, असंही त्याच कलमात आहे.

महामंडळाचं म्हणणं काय होतं?

नोकरीसाठी माणूस वैद्यकीयदृष्ट्या पात्र पाहिजे असा नियम आहे, आणि एचआयव्ही असलेला माणूस पात्र नाही. शिवाय आज धडधाकट दिसला तरी उद्या आजारी पडेल, रजा वाढतील, औषधपाण्याचा खर्च वाढेल, निवृत्तीपर्यंत तो टिकणार नाही. थोडक्यात, आजच्या कामाबद्दल तक्रार नव्हती. तक्रार पुढच्या वीस वर्षांबद्दल होती.

हे म्हणणं त्या वेळी कुणाला विचित्र वाटलं नसतं, हे आज ध्यानात येणं कठीण आहे. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ ची. निकालाच्या वर्षी परिणामकारक औषधं जगात नुकती कुठे आली होती आणि इथल्या कामगाराच्या आवाक्याबाहेर होती. सरकारी दवाखान्यातून मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं सुरू झाली ती १ एप्रिल २००४ पासून. म्हणजे औषध हाताशी नसतानाच्या काळात न्यायालयाने हा निकाल दिला आहे.

मग न्यायालयाने ठरवलं तरी काय?

न्यायालयाने आधी विचारलं, वैद्यकीय तपासणीचा नियम असतो कशासाठी? त्याचे हेतू दोनच. एक, माणूस त्या कामाचा आहे का ते पाहणं. दुसरा, कामाच्या ठिकाणी रोजच्या वावरातून तो इतरांना धोका ठरणार नाही ना ते पाहणं. जो काम करू शकत नाही, किंवा ज्याचा आजार सोबत काम करताना इतरांना लागू शकतो, त्याला नकार देणं समजण्यासारखं आहे. पण ज्याला आजार असूनही काम जमतं आणि ज्याच्यापासून कामावर कुणाला धोका नाही, त्याला केवळ आजाराच्या नावाखाली त्याच गटात ढकलणं मनमानी आहे. संविधानाचा अनुच्छेद १४ समानतेचा. तो असल्या मनमानीला जागा देत नाही. आणि पोट भरण्याचं साधन हिरावून घेणं हे अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कावर येतं.

"निवृत्तीपर्यंत टिकेल का" या मुद्द्यावर तर न्यायालय चांगलंच कडाडलं. पूर्ण सेवाकाळ हा माणूस काम करेल अशी खात्री पटल्याशिवाय नोकरी देणार नाही, अशी निर्दय भूमिका राज्यसंस्थेला आणि सार्वजनिक महामंडळांना घेता येणार नाही, असं निकालपत्रात म्हटलं आहे. एचआयव्ही झालेल्यांना असं आर्थिक मरणाच्या तोंडी देणं समाजाच्याही हिताचं नाही आणि संविधानालाही मान्य नाही, असंही. खरंच, निरोगी माणसाची तरी निवृत्तीपर्यंतची हमी कोण देतो?

निर्णय प्रत्येक माणसाचा वेगळा, त्याच्या त्या वेळच्या तब्येतीवरून घ्यायचा, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं. चाचणीचा कागद पाहून सरसकट शिक्का मारायचा नाही.

त्याला मिळालं काय?

नोकरी परत मिळाली, म्हणजे नैमित्तिक कामगार म्हणून पुन्हा घेण्याचा आदेश मिळाला, आणि बुडालेल्या मजुरीपोटी ४० हजार रुपये. "एवढेच?" असं पुष्कळ जण विचारतात. मलाही रक्कम तुटपुंजी वाटते. रोजंदारीवरच्या माणसाचे चार दिवस बुडाले तरी वाण्याची उधारी वाढते. इथे तर वर्षं गेली होती. पण यादीतलं नाव परत येणं त्याच्यासाठी जास्त मोठं होतं, कारण कायम होण्याची वाट तिथूनच जाते.

खासगी कंपनीला हा निकाल लागू होतो का?

थेट नाही. अनुच्छेद १४ आणि २१ हे मुख्यतः राज्यसंस्थेला बांधतात, आणि अनुच्छेद १२ प्रमाणे राज्यसंस्था म्हणजे फक्त मंत्रालय नव्हे. महापालिका, जिल्हा परिषदा, सरकारच्या ताब्यातली महामंडळं, सरकारी बँका हे सगळं त्यात येतं. म्हणून "झेडवाय"विरुद्ध अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका, म्हणजे हक्कासाठी थेट उच्च न्यायालयात करायची याचिका, करता आली. खासगी मालकाविरुद्ध तो रस्ता सहसा बंद असायचा. ती पोकळी २०१७ च्या कायद्याने भरून काढली. त्या कायद्याला सरकारी-खासगी असा भेद माहीत नाही.

पण गोव्यात याच न्यायालयाने उलटा निकाल दिला होता ना?

हो, आणि तो सांगितल्याशिवाय १९९७ चा निकाल किती लांबचा पल्ला होता ते कळत नाही.

डॉमनिक डिसोझा हा गोव्यातला तरुण नियमित रक्तदाता होता. १९८९ मध्ये दान केलेल्या रक्ताच्या तपासणीवरून तो पॉझिटिव्ह असल्याचं कळलं. पोलीस त्याला घेऊन गेले आणि म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग इस्पितळात त्याला ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्याची आई लुसी डिसोझा न्यायालयात गेली. वकील तेच, आनंद ग्रोव्हर. डॉमनिकची सुटका झाली, पण शेवटी उच्च न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. एकाचा हक्क आणि समाजाचं आरोग्य यांत टक्कर असेल तर समाजाचं पारडं जड, असा त्यामागचा सूर. डॉमनिक १९९२ मध्ये गेला. जाण्याआधी त्याने "पॉझिटिव्ह पीपल" नावाची संस्था गोव्यात उभी करायला घेतली होती.

गोव्याच्या त्या निकालानंतर आठ वर्षांच्या आत त्याच उच्च न्यायालयाने म्हटलं की कामगाराला कामावर ठेवणं समाजाच्याही हिताचंच आहे. मधल्या काळात आजाराबद्दलची माहिती वाढली होती. आणि एका वकिलाने हरलेल्या खटल्यानंतर हा विषय सोडला नव्हता.

आता कायदा काय सांगतो?

संसदेने २०१७ मध्ये एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कलम ३ नोकरीतल्या भेदभावाला मनाई करतं: नोकरी नाकारणं, काढून टाकणं, कामावर वेगळी वागणूक देणं, सगळ्यालाच. एमएक्सच्या निकालातला तर्क त्यात सरळ दिसतो.

काढून टाकायचंच असेल तर मालकाला दोन कागद द्यावे लागतात. पहिला, स्वतंत्र आणि पात्र डॉक्टरचा लेखी अभिप्राय, की या माणसामुळे कामाच्या ठिकाणी लागण होण्याचा लक्षणीय धोका आहे किंवा तो त्या कामाला अपात्र आहे. दुसरा, मालकाचं लेखी निवेदन, की त्याच्यासाठी वाजवी सोय करणं, म्हणजे कामात किंवा वेळेत थोडा बदल करणं, कोणत्या अडचणींमुळे परवडत नाही. हे कागद दिले नाहीत तर धोका नाही, माणूस पात्र आहे आणि अडचणही नाही, असं कायदा गृहीत धरतो. म्हणून "तोंडी सांगितलं, उद्यापासून येऊ नको" हे जिथे घडतं, तिथे मालकाची बाजू आधीच लंगडी झालेली असते.

आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. हे संरक्षण फक्त पॉझिटिव्ह व्यक्तीला नाही. तिच्यासोबत राहणाऱ्या किंवा पूर्वी राहिलेल्या माणसालाही आहे. "तुझ्या भावाला आहे म्हणे" या कारणावरून कुणाला कामावरून कमी केलं, तर तेही बेकायदा.

भरतीच्या वेळी एचआयव्हीची चाचणी मागितली तर?

नोकरीची अट म्हणून ती मागता येत नाही. कोणतीही चाचणी करायची तर तुमची समजून-उमजून दिलेली संमती लागते, आणि चाचणीच्या आधी-नंतर समुपदेशन. व्यवहारात काय होतं ते मी पाहिलं आहे: "सगळे रिपोर्ट" या नावाखाली पाच-सहा बाटल्या रक्त काढतात आणि कशाची तपासणी करताय हे कुणी सांगत नाही. विचारा. कोणकोणत्या चाचण्या लिहिल्या आहेत तो कागद मागून घ्या, त्याचा फोटो काढा.

साहेबांना सांगणं बंधनकारक आहे का?

नाही. आणि तुम्ही विश्वासाने कुणाला सांगितलंत तर त्याने ते तुमच्या लेखी संमतीशिवाय पुढे सांगायचं नाही. आस्थापना विभागाकडे ही माहिती असेल तर ती कुलपात ठेवणं ही त्यांची जबाबदारी. फाईलवर लाल शाईने लिहिणं, रजेच्या अर्जावर आजाराचं नाव लिहायला लावणं, हे सगळं चुकीचं.

सांगावं की नाही, याचं सरसकट उत्तर मी देत नाही. कुणाला एआरटी केंद्रावर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी जायला सवलत हवी असते आणि साहेब माणुसकीचा असतो. तिथे सांगून बरं झालेलं पाहिलं आहे. उलट अनुभवही आहेत. पण घाईत, चाचणीचा निकाल हातात पडल्याच्या दुपारी, कुणालाही सांगू नका.

माझं काम स्वयंपाकाचं / वॉर्डातलं / गाडीचं आहे. माझ्यामुळे कुणाला धोका?

एचआयव्ही शिजवलेल्या अन्नातून, पाण्यातून, खोकल्यातून, हात मिळवण्यातून, एका डब्यात जेवण्यातून, संडास वापरण्यातून पसरत नाही. शालेय पोषण आहार शिजवणारी बाई, बसचा चालक, शिपाई, शिक्षक, यांच्या कामात धोक्याचा प्रश्नच येत नाही. नियमित औषधं घेऊन ज्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, चाचणीत सापडेनासा होतो त्यांच्याकडून तर शरीरसंबंधातूनही लागण होत नाही.

वॉर्डात सुई टोचण्याचा धोका खरा असतो, पण त्याची दिशा बहुतेकदा रुग्णाकडून कर्मचाऱ्याकडे असते. त्यासाठी हातमोजे, सुया टाकायचे डबे आणि सुई टोचलीच तर ७२ तासांच्या आत सुरू करायची प्रतिबंधक औषधं मालकाने पुरवायची असतात. जितक्या लवकर, तितकं चांगलं.

पोलीस आणि निमलष्करी दलांत हे चालत नाही म्हणतात. खरं का?

तिथे शारीरिक पात्रतेची अट कडक असते, म्हणून प्रश्न अवघड होतो, पण दार बंद नाही. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका शिपायाची पदोन्नती पॉझिटिव्ह असल्यामुळे अडवली होती. पदोन्नतीसाठी "शेप-वन" हा वैद्यकीय दर्जा हवा, असं कारण दिलं गेलं. जुलै २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने सांगितलं की जो माणूस इतर सर्व बाबतीत पात्र आहे त्याला केवळ एचआयव्हीमुळे पदोन्नती नाकारणं भेदभाव आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलातल्या एका माजी सैनिकाला दीड कोटीहून अधिक भरपाई द्यायला लावली. ऑपरेशन पराक्रम या लष्करी मोहिमेच्या वेळी, २००२ मध्ये, लष्करी इस्पितळात चढवलेल्या रक्तातून त्याला लागण झाली होती. तो खटला निष्काळजीपणाचा. पण २०१७ च्या कायद्याची अंमलबजावणी नीट करा, असे निर्देशही त्यात सरकारांना आणि न्यायालयांना दिलेले आहेत.

नवरा सेवेत असताना वारला. मी पॉझिटिव्ह आहे म्हणून अनुकंपावरची नोकरी नाकारली.

ही तक्रार बायकांकडून येते आणि ती ऐकताना फार त्रास होतो. माणूस गेलेला, सासरी दोष हिच्यावर, आणि पोरांच्या फीचे पैसे जिथून यायचे तेही दार लावलेलं.

एका सार्वजनिक विमा कंपनीतल्या अशाच प्रकरणात २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विधवेच्या बाजूने निकाल दिला आहे. तर्क तोच: काम जमतं का? जमतं, तर नकार चालणार नाही. अनुकंपा नियुक्तीचे बाकीचे निकष, वय, शिक्षण, अर्जाची मुदत, हे मात्र पाळावे लागतात. मुदत जाऊ देऊ नका. कागद अपुरे असले तरी अर्ज आत टाका आणि पोच घ्या.

मी कंत्राटी आहे. मला काय संरक्षण?

एमएक्स तर कंत्राटीही नव्हता. बोलावलं तर कामावर जाणारा माणूस होता, तरी न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

नकार आला. आज, आत्ता काय करू?

राजीनामा देऊ नका. "स्वखुशीने सोडतो" असं लिहून दिलेला कागद पुढे गळ्यात धोंड होतो. कारण लेखी मागा. देत नसतील तर तुम्हीच अर्ज लिहून आवक विभागात द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या. शिक्का मारत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. हजेरी कार्ड, पगाराच्या पावत्या, प्रतीक्षा यादीतलं तुमचं नाव, वैद्यकीय तपासणीचा कागद, हे सगळं घराबाहेरही एका ठिकाणी ठेवा. एआरटी केंद्राच्या डॉक्टरकडून तब्येत ठीक असल्याचा दाखला घ्या. सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) आणि व्हायरल लोडचे रिपोर्ट त्याला जोडायचे की नाही हे वकिलाशी बोलून ठरवा.

शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमलेला असला पाहिजे. दवाखाने-इस्पितळांसाठी हा आकडा वीस आहे. पहिली तक्रार त्याच्याकडे करता येते. याच कायद्याखाली राज्य सरकारने नेमलेल्या लोकपालाकडेही जाता येतं, आणि त्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. आदेश पाळला नाही तर १० हजारांपर्यंत दंड, आणि तरीही टाळाटाळ केली तर रोज ५ हजारांपर्यंत. तक्रार अधिकारी कोण हेच कार्यालयात कुणाला माहीत नाही, असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या.

नोकरी देणारी संस्था सरकारी असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. मराठवाड्यातल्यांना छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ, विदर्भातल्यांना नागपूरचं, गोव्यातल्यांना तिथलंच. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. आजाराबद्दल आणि उपचारांबद्दल काहीही विचारायचं असेल तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मोफत आणि नाव न सांगता.

घरी कळू न देता हे सगळं करता येईल?

बऱ्याच अंशी येईल. नाव झाकण्याचा अर्ज याचिकेसोबतच, पहिल्याच दिवशी करायला वकिलाला सांगा. नंतर केला तर तोवर नाव यादीत छापून गेलेलं असतं. प्रतिज्ञापत्रं आणि वैद्यकीय कागद बंद लिफाफ्यात देण्याची परवानगी मागा. आणि एक छोटी गोष्ट, जी कायद्याच्या पुस्तकात नाही: पत्रव्यवहारासाठी वकिलाच्या कार्यालयाचा पत्ता द्या. न्यायालयाचा खाकी लिफाफा दुपारी घरी येतो, तेव्हा तुम्ही कामावर असता आणि दार दुसरंच कुणीतरी उघडतं.